रॅमचे भाव आणि पहिला संगणक

महोदय,

लॅमिंग्टन रोडवर मी संगणक जुळवून विकतो. ‘थांबा, पुढच्या वर्षी स्वस्त होईल’ असं गिऱ्हाइकाला सांगणं मी सोडलंय. रॅम (संगणकाची कामापुरती स्मृती) आणि हार्ड डिस्क (साठवणीची तबकडी) यांचा जीबीमागचा भाव कित्येक दशकं उतरत आला, हे खरंच. पण २०११ मध्ये थायलंडला पूर आला नि हार्ड डिस्क महागल्या. २०२५ च्या अखेरीस एआय चालवणाऱ्या मोठ्या संगणकांच्या (सर्व्हरच्या) मागणीने रॅम भडकली. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांचीच. त्यात रुपया घसरतोय, वर १८ टक्के जीएसटी. वीतभरही नसलेली रॅमची पट्टी हातात धरून पालक दोनदा भाव विचारतात आणि निम्म्या रॅमवर भागवतात. विद्यार्थ्याच्या पहिल्या संगणकावरचा कर तरी सरकारने कमी करावा.

– एक संगणक विक्रेता, ग्रँट रोड, मुंबई