‘चार रात्री मशीन नाही लावलं तर काय होतं?’ : सीपॅपच्या प्रवासी बॅटरीबाबत तक्रार

ठाणे, ८ सप्टेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: झोपेत श्वास अडकू नये म्हणून लावायच्या सीपॅप मशीनसाठी तुम्ही विकलेली प्रवासी बॅटरी आणि तुमच्या हेल्पलाइनवरून मला मिळालेला सल्ला

आज सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी तुमच्या माणसाने मला फोनवर सांगितलं की माझी तक्रार ‘ग्राहकाच्या संमतीने बंद’ करण्यात आली आहे. मी संमती दिलेली नाही. मला कोणी विचारलेलंही नाही. दोन आठवड्यांतला हा माझा सहावा फोन होता आणि यापुढे मी फोन करणार नाही, म्हणून हे पत्र.

माझं मशीन कोणतं, मास्क कोणता, प्रेशर किती, हे सगळं तुमच्याकडे नोंदलेलं आहे. ते पुन्हा लिहीत बसत नाही.

२ ऑगस्टला तुमच्या ठाण्यातल्या केंद्रातून मी ३१,५०० रुपयांना ही बॅटरी घेतली. घेण्याचं कारण तुमच्या विक्रेत्याला स्पष्ट सांगितलं होतं. आमचं गाव कुडाळ तालुक्यात आहे, गणपतीला आम्ही सगळे तिथे जमतो, आणि पावसात तिथे लाईटचा भरवसा नसतो. मे महिन्यात पुतणीच्या लग्नाला गेले तेव्हा मी याच कारणासाठी मुक्काम केला नाही. हळदीला थांबले नाही, लग्न लागल्यावर संध्याकाळच्या गाडीने परत फिरले. सासूबाई अजून ते बोलून दाखवतात. म्हणून मी त्याला सरळ विचारलं, “रात्रभर चालेल ना?” तो म्हणाला, “मॅडम, एक रात्र काय, दोन रात्री चालेल.” खोक्यावरही तेच छापलंय. दोन रात्री.

२५ ऑगस्टला आम्ही कोकणकन्याने निघालो. गाडीत रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग पॉइंट बंद ठेवायच्या सूचना रेल्वेने २०२१ मध्ये दिल्या. म्हणजे झोपायच्या नेमक्या तासांत डब्यात वीज मिळत नाही, तेव्हा पहिली रात्रही बॅटरीवरच काढायची होती. सव्वाबाराला मास्क लावून झोपले. चिपळूणच्या आधीच मशीन बंद. मला वाटलं, घरून निघताना पूर्ण चार्ज झाली नसेल. दोष मी स्वतःला दिला.

गावी पोचल्यावर दिवसभर लावून ठेवली. चारही दिवे हिरवे झाल्याचं पुतण्याने आणि मी मिळून पाहिलं. २६ ला लाईट टिकली. २७ ला, चतुर्थीच्या रात्री, भजन आटोपून सगळे झोपायला गेले आणि दहाच्या सुमाराला लाईट गेली. आमच्या माजघरात त्या रात्री अकरा माणसं झोपली होती. मी भिंतीकडची जागा घेतली होती, बॅटरी उशाशी ठेवली होती. हा मास्क आजवर मी नवरा आणि मुलगी सोडून कोणाला दाखवलेला नव्हता. बायका घोरतात हेच अजून अनेकांना पटत नाही, तिथे नाकाला नळी लावून झोपणारी सून बघून घरातले काय म्हणतील या विचाराने मी गणपतीच्या आधी आठवडाभर अस्वस्थ होते. जाऊबाईंनी मास्कचा पट्टा मागून सरळ करून दिला आणि म्हणाल्या, “झोप गो निवांत.” एवढं झाल्यावर मला खरंच निवांत वाटलं.

एक वाजून पन्नास मिनिटांनी मला जाग आली ती गुदमरून. मशीन बंद होतं, मास्क तोंडावर घट्ट होता, आणि अंधारात मला त्याचा हुक सापडेना. मास्क ओढून काढताना कोपर लागून पाण्याचा तांब्या लवंडला. अकराच्या अकरा माणसं उठून बसली. नवरा बॅटरीचं बटण दाबत राहिला. एकही दिवा लागला नाही.

आता तुमच्या हेल्पलाइनबद्दल, कारण बॅटरीपेक्षा मला ते जास्त लागलं आहे.

आमच्या घरात रेंज येत नाही. २८ तारखेला दुपारी आरती, जेवणं उरकून मी सड्यावर रवळनाथाच्या देवळापाशी गेले. पाऊस होता. एका हातात छत्री, एका हातात फोन. बावीस मिनिटं तुमचं संगीत ऐकलं. मग एक तरुण मुलगा बोलला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण माझं भांडण त्याच्याशी नाही. त्याला जे शिकवलंय, किंवा शिकवलेलंच नाही, त्याच्याशी आहे. कॉल तुमच्याकडे रेकॉर्ड झालेला आहे, तो ऐका.

त्याने पहिलं विचारलं, “पेशंट कोण आहेत, मॅडम? मिस्टर?”

मी म्हटलं, “मी.”

“म्हणजे मशीन तुमच्या नावावर आहे, पण वापरतं कोण?”

मी पुन्हा सांगितलं, मीच वापरते. मग बॅटरीचं सांगितलं. तासांचा हिशेब सांगितला. त्याने विचारलं, जवळ गाडी आहे का, गाडीच्या बॅटरीला जोडून बघा. माझा पुतण्या वायरिंगची कामं करतो, तो शेजारीच उभा होता. तो म्हणाला, “काकी, मशीनवर २४ व्होल्ट लिहिलंय, गाडीची बॅटरी १२ ची. कन्व्हर्टर नसताना कसली जोडाजोड?” मी हे फोनवर सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला:

“मॅडम, तुम्ही सणाला गेला आहात ना? मग एंजॉय करा. चार रात्री मशीन नाही लावलं तर काय होतं? बरेच लोक सुट्टीत लावत नाहीत. उशी जरा उंच घ्या, कुशीवर झोपा.”

मी विचारलं, “तुम्ही डॉक्टर आहात का?”

“नाही मॅडम, मी ॲक्सेसरीज बघतो.”

“मग उपचार थांबवा असं तुम्ही मला कशाच्या आधारावर सांगताय?”

“थांबवा नाही म्हटलं मॅडम, गॅप म्हटलं.”

गॅप! पावसात उभी राहून मी हा शब्द ऐकला. मी शिक्षिका आहे, एकतीस वर्षं वर्गात उभी राहिले आहे, सहसा आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. मग त्याने मला होल्डवर टाकलं आणि फोन कट झाला. तुमच्याकडून उलट फोन आला नाही.

तुम्ही हे मशीन बनवता, तेव्हा ते काम कसं करतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. हवेचा दाब घसा उघडा ठेवतो, आणि मशीन चालू असेल तोवरच ठेवतो. याचा साठा शरीरात होत नाही. ज्या रात्री मशीन नाही, त्याच रात्री श्वास पुन्हा अडकायला लागतो. गेल्या वर्षी माझ्या स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेच्या तपासणीत, श्वास तासाला ३८ वेळा अडकतो असा आकडा आला होता. ३० च्या वर गेला की गंभीर धरतात. मशीनवर तो ३ च्या खाली असतो. तेव्हा ‘चार रात्री’ म्हणजे किती वेळा, हा गुणाकार तुमच्या ॲक्सेसरीजवाल्याला कोणीतरी करून दाखवा. मला ब्लड प्रेशर आहे, दोन गोळ्या चालू आहेत, आणि या आजाराचा रक्तदाबाशी काय संबंध आहे ते तुमच्याच माहितीपत्रकात पहिल्या पानावर छापलेलं आहे. औषधाच्या दुकानातला माणूस मला म्हणेल का, की बाई, सण आहे, चार दिवस गोळ्या नका घेऊ? १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात वैद्यकीय उपकरणं औषधांच्याच कायद्याखाली येतात. हे तुमच्या हेल्पलाइनच्या खोलीत मोठ्या अक्षरांत लिहून लावा.

आणि त्याच दिवशी संध्याकाळी तुमच्या ॲपचा संदेश आला. “काल रात्री तुमचा वापर ४ तासांपेक्षा कमी झाला. उपचारात सातत्य ठेवा.” अकरा महिन्यांत मी एकही रात्र चुकवली नव्हती. सरासरी ६ तास ४० मिनिटं आहे, तुमच्याच ॲपमध्ये आहे. तुमचं ॲप मला सातत्य शिकवतं, तुमचा माणूस मला गॅप घ्यायला सांगतो, आणि तुमची बॅटरी मध्यरात्री बंद पडते. या तिघांपैकी कंपनी कोणाला म्हणायची?

पुढच्या तीन रात्रीही तेच झालं. दिवसा लाईट येई, बॅटरी भरून घ्यायचो, रात्री ती दोन-सव्वादोन तासांत संपायची. उरलेली रात्र नवरा जागा राहून मला हलवत राहिला. ३१ तारखेला, गौरी आणायच्या दिवशी, नारळ खवताना मला बसल्या बसल्या डुलकी लागली आणि अंगठा आडाळीच्या पात्यावर गेला. तीन टाके पडले. अजून खडू नीट धरता येत नाही. डावा अंगठा असता तर एवढं लिहिलं नसतं.

आता मूळ मुद्दा. ठाण्याला परत आल्यावर ५ सप्टेंबरला मी पाचवा फोन केला आणि पहिल्यांदा तुमच्या तांत्रिक विभागातल्या माणसाशी बोलणं झालं. त्यांनी एका मिनिटात सांगितलं: बॅटरीवर चालवताना ह्युमिडिफायर (मशीनमधली हवा ओलसर करणारा भाग) आणि तापणारी नळी बंद ठेवायची असते, पाणी तापवायलाच सगळी वीज जाते. “हे तुम्हाला माहीत असायला हवं होतं,” असंही ते म्हणाले.

मला कसं माहीत असेल? विक्रेत्याने सांगितलं नाही. खोक्यावर नाही. आतला इंग्रजी कागद मी दोनदा वाचला, त्यातही नाही. २८ तारखेला ज्याला मी तासांचा हिशेब सांगितला, त्यालाही ते सुचलं नाही. त्याला माझी उशी सुचली.

कोकणात भर पावसात ह्युमिडिफायर कशाला हवा होता मला? तिथे वाळत घातलेला टॉवेल दोन दिवस सुकत नाही, हवाच इतकी ओली असते. एक बटण बंद करायचं होतं. हे एक वाक्य तुमच्यातल्या कोणीही, दुकानात किंवा फोनवर, मला सांगितलं असतं तर मी पाचही रात्री पूर्ण झोपले असते. हे कळल्यावर मला राग येण्याआधी रडू आलं.

त्यानंतर मी घरी दोन रात्री घड्याळ लावून तपासलं. बॅटरी पूर्ण भरलेली, क्षमता ९७ वॉट-अवर, तुमच्याच लेबलप्रमाणे. ह्युमिडिफायर आणि नळी चालू ठेवून: २ तास १० मिनिटं. दोन्ही बंद ठेवून: ९ तास २० मिनिटं. म्हणजे तुम्ही म्हणता तसं सगळं बंद ठेवलं तरी ही एका रात्रीची बॅटरी आहे. दोन रात्रींची नाही. कुठल्याही हिशेबाने दोन रात्री होत नाहीत. तरी खोक्यावर दोन रात्री छापलंय. शंभर वॉट-अवरच्या आत असल्याने विमानात हातातल्या सामानात नेता येते, हे मात्र अचूक छापलंय. म्हणजे खरं छापता येतं तुम्हाला.

माझं मागणं असं. बॅटरीचे पूर्ण पैसे परत करा. खोक्यावर ह्युमिडिफायरसह किती तास आणि त्याशिवाय किती तास, हे दोन्ही आकडे छापा, मराठीतही छापा. आणि हेल्पलाइनवरच्या माणसाने मला उपचारात खंड घ्यायला सांगितलं, ते चूक होतं, असं कंपनीच्या कागदावर लिहून द्या. या तिसऱ्या गोष्टीवर मी अडून बसणार आहे. मी ऐकणारी नाही, पण कोणीतरी ऐकलं असेल. कोणीतरी त्या मुलाचं ऐकून मशीन कपाटात ठेवून प्रवासाला गेलं असेल, आणि परत येताना रात्रीची गाडी चालवली असेल. मला त्या माणसाची काळजी वाटते.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार करीन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली ठाण्याच्या जिल्हा आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क लागत नाही, हे मी पाहून ठेवलं आहे. खोक्याचा फोटो, दोन्ही रात्रींच्या वेळा, टाक्यांचा कागद आणि तुमच्या ॲपमधले आकडे माझ्याजवळ आहेत. कॉलचं रेकॉर्डिंग तुमच्याजवळ आहे, ते पुसू नका.

मशीन मी बदलणार नाही. मशीन चांगलं आहे, त्याने मला वर्षभर झोप दिली, दुपारच्या तासाला वर्गात पुन्हा ताजी उभी राहू लागले. म्हणूनच तुमच्याकडून बॅटरी घेताना मी दुसऱ्या कुठल्या कंपनीची चौकशीसुद्धा केली नव्हती.

१७ ऑक्टोबरला मी दिवाळीसाठी मुलीकडे इंदूरला निघते. रात्रीची गाडी आहे. त्याआधी मला पैसे मिळायला हवेत, म्हणजे दुसरी बॅटरी घेता येईल.

ग्राहक
(नाव, पत्ता आणि ग्राहक क्रमांक बिलाच्या प्रतीवर)

सोबत: बिलाची प्रत, खोक्याचा फोटो, ॲपमधली २५ ऑगस्ट ते ७ सप्टेंबरची नोंद, सहा फोनच्या तारखा आणि वेळा