पियानोच्या मैफलींत काप्रालोवांच्या रचनाही वाजाव्यात

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पणजी-मडगावातील पियानोवादनाच्या मैफलींत बेथोव्हन आणि शोपँ आपण आवडीने ऐकतो. मात्र वीत्येझस्लावा काप्रालोवा या चेक संगीतकार स्त्रीचे नाव कार्यक्रमपत्रिकेत सहसा दिसत नाही, याची खंत वाटते म्हणून हे पत्र.

काप्रालोवांचा जन्म 24 जानेवारी 1915 रोजी ब्र्नो शहरात झाला. वडील वात्स्लाव काप्राल हे ख्यातनाम चेक संगीतकार यानाचेक यांचे शिष्य आणि स्वतः संगीतकार होते, तर आई गायिका. ब्र्नोत पदवी घेताना त्यांनी डी मायनर या स्वरसप्तकातील पियानो काँचेर्तो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) लिहिला, पुढे प्रागमध्ये संगीतकार नोवाक यांच्याकडे रचनेचे आणि वाद्यवृंद संचालक तालिख यांच्याकडे वाद्यवृंद संचालनाचे धडे घेतले. 26 नोव्हेंबर 1937 रोजी आपल्या ‘मिलिटरी सिंफोनिएत्ता’ या वाद्यवृंद रचनेसाठी चेक फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचे संचालन त्यांनी स्वतः केले, तेव्हा त्या अवघ्या 22 वर्षांच्या होत्या, पुढच्याच जूनमध्ये लंडनला बीबीसीच्या वाद्यवृंदासमोरही त्या उभ्या राहिल्या. मायदेश नाझींच्या ताब्यात गेला तेव्हा त्या पॅरिसमध्ये शिकत होत्या. पॅरिस पडल्यानंतर दोनच दिवसांनी, 16 जून 1940 रोजी, फ्रान्समधील माँपेल्ये येथे आजारपणात त्यांचे निधन झाले. संगीतकार मार्तिनू यांची शिष्या किंवा लेखक यिर्झी मुखा यांची पत्नी अशी त्यांची ओळख करून देण्याची रीत मला अन्यायाची वाटते, कारण पंचविशीतच थांबलेल्या या आयुष्यातील काम स्वतःच्या बळावर उभे आहे.

त्यांच्या ‘एप्रिल प्रेल्यूड्स’ या चार लहान रचना 1937 सालच्या असून पियानोवादक रुडॉल्फ फिर्कुश्नी यांना अर्पण केलेल्या आहेत. पहिल्या रचनेतील स्वरांची अस्वस्थ खळबळ दुसरीत शांत होते, तिसरी लोकगीताइतकी साधी आहे आणि चौथी नृत्याच्या चपळ ठेक्यावर संपते. चारही मिळून मैफलीची जेमतेम दहा मिनिटे घेतील. भारतीय कायद्याप्रमाणे रचनाकाराच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे त्या वाजवण्यात तीही अडचण नाही.

केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांचा सार्थ अभिमान बाळगणाऱ्या गोव्यात पाश्चात्त्य संगीतातील स्त्रियांच्या कर्तृत्वालाही रसिक श्रोते लाभतील, असा मला विश्वास आहे. कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागाने आणि मैफलींच्या आयोजकांनी या रचनांचा जरूर विचार करावा. पूर्ण संच लगेच शक्य नसल्यास निदान तिसरे प्रेल्यूड वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून बसवून घ्यावे, ही नम्र विनंती.

आपला,
एक संगीतप्रेमी वाचक, फोंडा-गोवा