सागवान वाचवणाऱ्या काकांना आभाराचे पत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही मुंबईला परतलात त्याला आता वर्ष होत आले. तुमच्या मुलाकडे अमेरिकेतल्या अ‍ॅनापोलिसला मुक्कामी असताना माझ्या जुन्या शिडाच्या बोटीसाठी तुम्ही जे केलेत, त्याचे आभार फोनवर मानून माझे समाधान होईना. जुन्या बोटीचे लाकूड सांभाळणाऱ्या इतरांनाही ते कळावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

माझी बोट १९६७ सालची, कार्ल अल्बर्ग यांनी आखलेली आणि कॅनडातल्या ऑन्टारिओत बांधलेली अल्बर्ग ३०. तिचे अंग फायबरग्लासचे असले, तरी बसण्याच्या जागेभोवतीच्या फळ्या, छपरावरचे कठडे आणि दाराची चौकट सागवानी आहे. इथल्या चेसापीक उपसागरातल्या कडक उन्हाने या लाकडाची पार रया गेली होती. दोन वर्षे मी वरून व्हार्निशचे हात देत राहिलो आणि दर हिवाळ्यानंतर पापुद्रे सुटत राहिले.

तुम्ही आलात, फळीच्या कोपऱ्याशी उकिडवे बसलात आणि पिवळट दिसणाऱ्या जागी अंगठ्याचे नख दाबलेत. पापुद्रा अलगद वर आला. खालचे लाकूड काळे आणि ओलसर होते. स्क्रू झाकणारे लाकडी बूच सैल झाले होते आणि तिथून शिरलेले पाणी व्हार्निशखाली पसरत होते. माझगावच्या गोदीत सुतारकामात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या नखाला जे कळले, ते मला दोन वर्षांत दिसले नव्हते.

मग सगळे खरवडून काढणे आले. काळे डाग ऑक्झॅलिक आम्लाने उतरवून, लाकूड भरपूर पाण्याने धुऊन, पूर्ण वाळेपर्यंत तुम्ही मला ब्रशला हात लावू दिला नाहीत. मी आणलेली लोखंडी तारेची घासणी तुम्ही बाजूला ठेवलीत, कारण तिचे कण लाकडात अडकून गंजतात. सागाच्या अंगचे तेल व्हार्निशला धरू देत नाही, म्हणून अ‍ॅसिटोनने पुसून लगेच पहिला हात द्यायचा, तोही निम्मे थिनर घालून, म्हणजे तो लाकडात मुरतो. दुसऱ्यात थिनर कमी करायचे आणि पुढचे हात घट्ट द्यायचे, हे तुमच्याकडूनच शिकलो. असे आठ हात झाले. दोन हातांच्या मध्ये २२० नंबरचा, शेवटी ३२० नंबरचा पॉलिश पेपर, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. व्हार्निशचा डबा हलवायचा नाही, लागेल तेवढेच वाटीत गाळून घ्यायचे, सकाळचे दव सुकल्यावर सुरू करून दुपारी तीनच्या आत थांबायचे. एकदा मी हट्टाने पाच वाजेपर्यंत काम रेटले आणि रात्रीच्या दवाने सगळी तकाकी धुरकट झाली. तुम्ही काही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर तो हात घासून काढलात. त्या दिवसाचे आभार मला वेगळे मानायचे आहेत.

यंदा मे महिन्यात नुसते हलके घासून दोन हात दिले. ओरखडा दिसला की त्याच आठवड्यात बुजवतो आणि बोट उभी असताना लाकडावर कापडी झाकण घालतो. तुम्ही नवे बूच बसवलेला तो कोपरा रोज नखाने दाबून पाहतो. तो अजून टणक आहे.

तुमचा ऋणी,
बोटीवरचा शागीर्द