ट्रेकच्या पत्रकावर मुक्कामाची उंची छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जून उजाडला की माझ्या दुकानात एक ठरलेली मागणी सुरू होते. "ताई, लडाखला चाललोय, डायमॉक्सची एक स्ट्रिप द्या." डायमॉक्स म्हणजे उंचीवर होणारा त्रास टाळण्यासाठी घेतात ती गोळी. नाशिकला सिडकोत माझं औषधांचं दुकान आहे आणि फार्मासिस्ट म्हणून मी बावीस वर्षं काउंटरवर उभी आहे. मी आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागते. गेल्या वर्षापासून आणखी एक गोष्ट विचारते, "तुमचा सगळ्यात उंच मुक्काम कुठला? आणि त्याच्या आदल्या रात्री कुठे झोपणार?" गावांची नावं काही जण सांगतात. उंची आजवर एकालाही सांगता आलेली नाही, कारण त्यांच्या हातातल्या पत्रकावर ती नसतेच. खिंडीची उंची मात्र ठळक अक्षरात असते.

गेल्या जुलैत मी आणि माझा भाचा आपल्याकडच्याच एका संस्थेबरोबर लडाखमधल्या मार्खा खोऱ्यात ट्रेकला गेलो होतो. आम्ही पंधरा जण होतो. भाचा चोवीस वर्षांचा, सह्याद्रीत वाढलेला. अलंग-मदन-कुलंग झालेलं, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड दोनदा, कळसूबाई तर रात्रीची, भर पावसातही. पण कळसूबाई १६४६ मीटर. मनालीचा बाजारसुद्धा तिच्याहून उंचावर भरतो. लेहच्या विमानतळावर उतरलो तेव्हा आम्ही ३५०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून वर उभे होतो आणि पहाटेचा चहा दिल्लीत घेतला होता.

हवेतला ऑक्सिजन तिथेही २१ टक्केच असतो, कमी होतो तो हवेचा दाब. निमालिंगच्या पठारावर, आमच्या सगळ्यात उंच मुक्कामी, सुमारे ४८०० मीटरवर, तो समुद्रकाठच्या जेमतेम ५५ टक्के उरतो. शरीर त्याची सवय करून घेतं, पण त्याला रात्री लागतात. म्हणून या विषयातले डॉक्टर दिवसभरात किती चढलात यापेक्षा रात्री कुठे झोपलात ते आधी बघतात. ३००० मीटरच्या वर मुक्काम एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त उंच न्यायचा नाही आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जादा काढायची, असा त्यांचा साधा नियम आहे. दंडबैठका, मॅरेथॉन, गडांची यादी यांचा इथे उपयोग होत नाही. उलट तरुण आणि दमदार मुलं डोकेदुखी अंगावर काढतात, म्हणून जास्त अडकतात.

आमचा कार्यक्रम असा होता. पहिला दिवस लेहमध्ये आराम, दुसऱ्या दिवशी गाडीने खार्दुंग ला ('ला' म्हणजे खिंड). (तिथल्या जुन्या पाटीवरचा १८,३८० फूट हा आकडा खरा नव्हता, खिंड ५३५९ मीटरवर आहे, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या थोडी वर. फोटो मात्र सगळे त्या पाटीशेजारीच काढायचे.) मग स्क्यू, मार्खा, हांकर, निमालिंग अशी एकेक रात्र, सातव्या दिवशी कोंगमारू ला ओलांडून लेह. आठवा दिवस लेहच्या बाजारात खरेदीला, नववा परतीच्या विमानाचा.

हांकरपर्यंत सगळं छान होतं. नदीकाठाने चालायचं, दुपारी गुडघाभर गार पाण्यातून पलीकडे जायचं, रात्री कुणाच्या तरी घरी तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या फळीखाली बसून थुक्पा, म्हणजे शेवयांचं गरम सूप, प्यायचा. हांकर सुमारे ४००० मीटर. तिथून दुसऱ्या दिवशी थेट निमालिंग. एका रात्रीत मुक्काम आठशे मीटर वर गेला. मध्ये सुमारे ४२०० मीटरवर थाचुंगत्से नावाची मुक्कामाची जागा आहे. पाणी आहे, तंबूंना सपाट जमीन आहे. आम्ही तिथे डबा खाऊन पुढे गेलो.

संध्याकाळी भाचा म्हणाला, "मावशी, डोकं फुटतंय गं." मग उलटी झाली. लीडरने ऑक्सिमीटर लावला, रक्तातला ऑक्सिजन ७८ टक्के आला. "इथे सगळ्यांचा एवढाच येतो, पाणी पी, झोप," असं म्हणून गोळी दिली. आकडा खरंच सगळ्यांचा तेवढाच येत होता. करोनापासून ते यंत्र प्रत्येकाच्या खिशात आलंय, आणि त्याकडे बघताना समोरच्या माणसाकडे बघायचं राहून जातं.

नऊच्या सुमारास लघवीला जायला म्हणून तो बूट घालायला बसला. मी टॉर्च धरला होता. त्याने लेस एका हुकात अडकवली, काढली, पुन्हा त्याच हुकात अडकवली. तिसऱ्यांदाही तेच. मग लेस हातात धरून नुसता तिच्याकडे बघत राहिला. मी त्याला उभं केलं आणि टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालायला सांगितलं. दुसऱ्या पावलाला तो तंबूच्या दोरीवर गेला. पाय असे अडखळणं म्हणजे मेंदूला सूज येत असल्याची खूण, हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं असूनही मी सकाळपर्यंत थांबावं का, असा विचार करत होते, हे मला आजही टोचतं.

थांबू दिलं नाही ते घोडेवाल्याने. पन्नाशीचा, मार्खाकडचाच माणूस. त्याने भाच्याचा चेहरा एकदा बघितला आणि म्हणाला, "दीदी, अभी नीचे. सुबह नहीं." लीडर नको म्हणत होता, अंधार आहे, ओढा आहे. घोडेवाल्याने वाद घातला नाही, घोड्यावर खोगीर चढवलं. आम्ही तिघं थाचुंगत्सेला पोहोचलो तेव्हा मध्यरात्र उलटली होती. पहाटे भाच्याने स्वतःहून पाणी मागितलं. उजाडल्यावर त्याने स्वतःच्या बुटांच्या लेस बांधल्या, मी बघत होते. तिथून आणखी खाली उतरून, खोऱ्यातून मागे फिरून आम्ही लेह गाठलं.

संस्थेचं नाव मी लिहीत नाही, कारण दोष एका संस्थेचा नाही. परतल्यावर मी मिळतील तेवढी पत्रकं जमवली. बहुतेक कार्यक्रम नऊ दिवसांचेच आहेत. शनिवारी निघायचं, पुढच्या रविवारी घरी, म्हणजे पाच रजांत काम होतं. नोकरदार माणसाची ही अडचण मला कळते, माझंही दुकान आहे. पण आमच्या नऊ दिवसांतही एक मोकळा दिवस होता. तो लेहच्या बाजारात गेला. तोच थाचुंगत्सेला घालवला असता तर खर्च फारसा वाढला नसता.

डायमॉक्सबद्दलही सांगते. ते शरीराला सवय लवकर लावायला मदत करतं, आठशे मीटरची उडी माफ करत नाही. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊच नये. भाच्यानेही ते घेतलं होतं.

महाराष्ट्रातल्या सगळ्या ट्रेकिंग संस्थांना माझी विनंती आहे की, पत्रकावर प्रत्येक रात्रीच्या मुक्कामासमोर उंचीचा एक रकाना घाला. जिथे फरक पाचशेच्या वर जातो तिथे मधला मुक्काम किंवा जादा रात्र द्या. आणि कुणाला खाली न्यायचं याचा शेवटचा शब्द तिथल्या स्थानिक माणसाचा राहील, हे निघण्यापूर्वीच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगा. लीडर आपला असतो, उत्साही असतो, पण डोंगर त्याच्या ओळखीचा नसतो.

तोवर मी माझ्या परीने एक करते. लडाखचं गिऱ्हाईक आलं की बिलाच्या मागे हाताने लिहून देते: लेह ३५००, मार्खा ३७००, हांकर ४०००, थाचुंगत्से ४२००, निमालिंग ४८००. शेवटच्या दोन आकड्यांमध्ये लाल पेनाने 'इथे एक रात्र जादा' असं लिहिते आणि तो कागद लीडरला दाखवायला सांगते.

आपली,
एक औषधविक्रेती, सिडको, नाशिक