कुष्ठरोगाचे रुग्ण थोडे आहेत, म्हणूनच मदत हवी : मंडळाचे कळकळीचे आवाहन

सस्नेह नमस्कार.

मंडळ आपल्याला परके नाही, तरी यंदा थोडे सविस्तर लिहावे लागत आहे. डिसेंबर २००५ मध्ये देशातले कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आले, तेव्हापासून वर्गणीला गेले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आता कुठे राहिलाय तो रोग?" आपल्या सिंधुदुर्गात चंद्रपूर-गडचिरोलीच्या मानाने रुग्ण कमी, हे खरेच आहे. पण पूर्वी कुष्ठरोग तंत्रज्ञ शाळाशाळांतून मुलांच्या पाठी तपासत फिरायचे, ते फिरणे आता राहिले नाही. रोग अंगात शिरल्यापासून दिसायला सरासरी पाच, कधी वीस वर्षेही लागतात. म्हणून आपल्याकडे सापडतात ते बहुतेक मोठ्या वयाचे, अंगभर चट्टे असलेले, म्हणजे बारा महिन्यांच्या औषधाचे रुग्ण, आणि तेही बोटे वाकल्यावर. बायका तर त्याहून उशिरा येतात. चिरेखाणीवरचे, ट्रॉलरवरचे, आंब्याच्या बागेत राखणीला असलेले परप्रांतीय गडी औषध अर्धे टाकून गावी जातात. तरी "रोग बाहेरचे लोक आणतात" हे आम्हाला कुणी ऐकवू नये. आपल्याच वाड्यांतली माणसे आम्ही पाहिली आहेत.

काजू कारखान्यात बी फोडणाऱ्या एका बायचा हात आजही डोळ्यांपुढे आहे. बोटांवर फोड, पण सगळ्यांना वाटले डीक, म्हणजे काजूच्या टरफलातले तेल, लागला असेल. दंडावरच्या फिकट चट्ट्याला चार वर्षे गजकर्णाचे मलम चालू होते. चट्टा खाजत नव्हता, तिथे घामही येत नव्हता. "हाताक चटको लागलो तां माका कळलाच नाय," ती म्हणाली. कोपरामागची नस दोरीसारखी जाड लागत होती आणि करंगळी तळव्याकडे वळलेली होती. औषध पुरे झाले, ती बरी झाली. करंगळी तशीच आहे.

औषध सरकार फुकट देते, सहा किंवा बारा महिन्यांचे. घरच्यांना आणि जवळच्या शेजाऱ्यांना रिफाम्पिसिनचा एक प्रतिबंधक डोसही मिळतो. आम्ही पैसे मागतो ते शोधासाठी आणि बरे झालेल्यांच्या हातापायांसाठी. बधिर तळव्याला खिळा टोचला तरी कळत नाही. जखम चिघळते, पुढे हाडापर्यंत जाते. मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबराची चप्पल आणि रोज पाण्यात पाय भिजवून, घट्टे घासून तेल लावणे एवढ्याने तो पाय वाचतो.

हे इतकी वर्षे निभावले ते आपल्याच माणसांमुळे. आमच्या पहिल्या अध्यक्षांनी स्वतःची ओटी शिबिराला दिली आणि रुग्णांना त्याच कपातून चहा दिला ज्यातून ते स्वतः पीत. एका शिंपीणकाकूंनी पट्ट्यांसाठी जुनी लुगडी धुऊन, उकळून, इस्त्री करून पाठवली आणि वर चिठ्ठी, "अजून आहेत." मुंबईकर मंडळींनी गणपतीत आरतीच्या ताटातले पैसे न मोजता आणून दिले. बाजारपेठेतल्या एका चप्पलवाल्या दादांनी प्रत्येक पायाचे माप कागदावर स्वतः काढले, जखमेला हात लावायला कचरले नाहीत. या सगळ्यांचे उपकार मंडळ विसरलेले नाही.

गेल्या वर्षीचे मात्र मनाला लागले आहे. घरोघर पाकिटे वाटली, बरीचशी न उघडताच परत आली. तपासणीसाठी जागा मागितली तिथे "दुसरीकडे बघा, लोक घाबरतात" असे उत्तर मिळाले. औषध सुरू झाल्यावर रुग्णापासून संसर्ग होत नाही, हे किती वर्षे सांगायचे? शेवटी पावसात, शाळेच्या पडवीत शिबिर उरकले.

येत्या ३० जानेवारीच्या कुष्ठरोग निवारण दिनापासून पंधरा दिवस वाडीवार तपासणी करायची आहे. हवे ते असे : एमसीआर चपला (वर्षाला माणशी दोन जोड), टब, खोबरेल, पट्ट्या, हातापायांच्या पुनर्रचना शस्त्रक्रियेला जाणाऱ्यांचा प्रवासखर्च, शिबिराला जागा, दोन दिवस जीप आणि स्त्री-रुग्णांना तपासायला सोबत येतील अशा किमान चार भगिनी. रोख रक्कम शनिवारी संध्याकाळी कार्यालयात, पावती घेऊनच. चेक मंडळाच्या नावे. वस्तू खजिनदारांच्या घरी चालतील. २० जानेवारीपर्यंत द्यावे, चपला शिवायला वेळ लागतो. रुग्णाचे नाव कुणालाही सांगितले जाणार नाही.

आपला,
चिटणीस