चार तारांत आता भागत नाही

प्रिय बंड्या,

परवाच्या तालमीत जे झालं ते घरी सांगून कुणाला कळलं नसतं, आणि बँडमध्ये सांगितलं असतं तर "मग वरच्या सप्तकात वाजव की" एवढंच ऐकायला मिळालं असतं. तुला मात्र एका ओळीत कळेल: माईंनी शेवटच्या गाण्याची पट्टी पांढरी तीनवरून पांढरी दोनवर उतरवली.

ते गाणं, आणि पांढरी दोन! गळा वर ताणायचा नाही असं डॉक्टरांनी त्यांना बजावलंय, आणि खाली आल्यावर त्यांचा आवाज असा भरून लागला की सुध्याने की-बोर्डवरचे हात काढून घेतले. पण शेवटच्या ओळीत, जिथे सगळे थांबतात आणि गळा नि बेस गिटार एवढेच उरतात, तिथे मला खालचा डी, म्हणजे पांढरी दोनचाच सूर, हवा होता. माझ्या बेसवर तो नाहीच. मोकळी ई तार हा आपला तळ, 41 हर्ट्झ. डी त्याच्याही खाली दोन घरं. मी ए तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा, म्हणजे पाचव्या घरातला, डी दिला. सूर चोख, पण एक सप्तक वर. माईंनी गाता गाता मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पुढे गायल्या. बोलल्या काहीच नाहीत. त्यांची ती मान वळवायची पद्धत तुला माहीत आहे.

बाकी तब्येत ठीक. डावा खांदा कुरकुरतो, व्यायाम चालू आहे. आई बरी आहे, तुझी आठवण काढते.

तर मी पाच तारांचा बेस घ्यायचं ठरवलंय, खिशाला झेपेल असा. लगेच "जेमरसन" म्हणू नकोस. मोटाउनच्या त्या थोर बेसवादकाने, जेमरसनने, अख्खी कारकीर्द चार तारांवर काढली, त्याही क्वचितच बदलल्या, सगळं मान्य. पण त्याच्या शेजारी आपल्या माई उभ्या नव्हत्या. ई तार उतरवून डी करावी म्हणशील, तर तेही करून पाहिलं. ते एक गाणं निभतं, पण पुढच्याला तार परत चढवायची, आणि उतरलेल्या तारेवर सगळे सूर दोन दोन घरं सरकलेले, बोटं सवयीने जुन्याच जागी जातात. शिवाय दुसऱ्या गाण्याला माई काळी एक म्हणतायत, म्हणजे डीच्याही एक घर खाली. तिथे उतरवलेली तारही पुरत नाही.

आणि पाचवी तार म्हणजे ईच्याही खालची बी. वरची सी नाही. त्या भांडणापायी आपण एकदा शेवटची गाडी चुकवली होती, तरी तुझं म्हणणं बदललं नाही. फेंडरने 1965 मध्ये 'बेस फाइव्ह' काढला तो अगदी तुझ्या मताचा होता: पाचवी तार वरची सी, आणि फ्रेट अवघे 15. काही वर्षांतच तो बंद झाला. पुढे 1976च्या सुमारास बेसवादक जिमी जॉन्सनने अ‍ॅलेम्बिकच्या पाच तारांच्या बेसला खालची बी लावली, आणि आज दुकानात टांगलेले पाच तारांचे बेस बहुतेक सगळे त्याच घराण्यातले आहेत. तेव्हा या मुद्द्यावर आता तू गप्प बसायचं.

गेले काही आठवडे मी जमेल तिथे जाऊन बेस हातात घेतोय. स्वस्तातल्या बेसवर ई, ए, डी, जी या चार तारा हल्ली बहुतेक ठिकाणी चांगल्याच बोलतात. पितळ उघडं पडतं ते पाचवीवर. 31 हर्ट्झचा सूर त्याच लांबीच्या नेकवर, म्हणजे दांडीवर, काढायचा, म्हणजे तार जाड हवी, आणि जाड करूनही ताण कमीच पडतो. मग कुठे ती सूर न देता नुसती धप्प करते, कुठे फ्रेटवर फडफडते. मला तिथला फक्त सूर हवाय. बाकी सगळं मी सांभाळून घेईन.

माझी परीक्षा सोपी आहे. अ‍ॅम्पला जोडायचंच नाही. बेस मांडीवर घ्यायचा, वरच्या शिंगावर हनुवटी टेकवायची आणि बी मोकळी छेडायची. लाकडातून ती जबड्यात उतरते ना, तेव्हा खरं कळतं: सूर टिकतो की दोन क्षणांत विरतो. मग बीच्या पाचव्या फ्रेटवरचा ई आणि शेजारची मोकळी ई आळीपाळीने. दोन्ही एकच सूर. दोघी बहिणी वाटल्या तर बेस चांगला. एक गातेय आणि दुसरी घसा खाकरतेय असं वाटलं तर बेस परत खुंटीवर. एके ठिकाणी दिसायला इतका देखणा बेस मिळाला की पैसे काढायचेच बाकी होते. खाली वाकून ब्रिज पाहिला, तर तिथलं बीच्या तारेला टेकू देणारं सॅडल मागे सरकवून सरकवून स्क्रूवरची स्प्रिंग पुरती दबलेली, आणि तरीही बाराव्या फ्रेटवर सूर चढाच. आणखी मागे जायला जागाच नाही. अशा बेसवर वरच्या घरांत बी कधीच सुरात लागणार नाही. नवी, टोकाकडे निमुळती होणारी तार लावून कदाचित जमेलही, पण त्या 'कदाचित'साठी मी पैसे मोजणार नाही.

तारेच्या लांबीचं म्हणशील तर नेहमीची 34 इंच. काही जण 35 इंच करतात, तेवढ्याने त्याच तारेवर साधारण सहा टक्के ताण वाढतो, आणि कानाला ते कळतं. पण नुसत्या लांबीने भागत नाही. 34 इंचावरही खणखणीत बी ऐकली आणि 35 वर लोळागोळाही ऐकला. नेक किती घट्ट बसलीय, नेकच्या टोकाच्या नटची खाच तारेच्या मापाची आहे का, तार जाडीला 125ची आहे की 130ची, यावर फार जातं. दुकानातल्या तारा तर कैक दिवस लोकांच्या घामात भिजलेल्या असतात. म्हणून बी थोडी मंद वाटली तर मी एकदम नाही म्हणत नाही, पण सूरच सापडत नसेल तर मात्र नवी तारही वाचवत नाही.

सुध्याचं म्हणणं, आधी अ‍ॅम्प बदल. त्याला एवढंच सांगितलं की 31 हर्ट्झ लहान स्पीकर देतच नाही, मोठे कॅबिनेटही तिथे मान टाकतात. आपण ऐकतो ते त्याच्या दुप्पट-तिप्पट, 62 आणि 93, आणि खालचा सूर कान आपला आपणच भरून काढतो. म्हणजे वरचे स्वरांश स्वच्छ हवेत, आणि ते येतात तारेतून नि लाकडातून. यावर तो बराच वेळ गप्प होता. सुध्या गप्प! तू असायला हवा होतास.

विकणारे आधी प्रीअ‍ॅम्पची बटणं फिरवून दाखवतात. बास वाढवला की कुठलीही बी थोर वाटते. मी सगळी बटणं मध्यावर आणतो आणि मग ऐकतो. मला सर्किट साधं असलं तरी चालेल, खरं तर साधंच आवडेल. अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये नऊ व्होल्टचा सेल, केबल खोचलेली राहिली तर तो उतरत राहतो, आणि ऐन गाण्यात आवाज चिरका होतो. आपल्या बाबूचा त्या रात्री झाला होता तसा.

आता जो पेच पडलाय तो सांगतो. दोन नवे बेस माझ्या आवाक्यात येतात. आयबानेझचा एसआर 305, 34 इंच, 24 फ्रेट, नेक सडपातळ, तारांमधलं अंतर ब्रिजजवळ साडेसोळा मिलिमीटर. डाव्या हाताला स्वर्ग. उजव्याला मात्र आपल्या जुन्या बेसच्या 19ची सवय, त्यामुळे पहिल्यांदा दोन बोटं एकमेकांत अडकली. दुसरा यामाहाचा टीआरबीएक्स 305, तोही 34 इंच, 24 फ्रेट, महोगनीचा, अंतर 18. हात लगेच बसला. अंगठा बीवर टेकवून ई वाजवायची आणि पुढच्या तारांवर जाताना अंगठा सोबत सरकवत मागच्या तारा दाबत राहायच्या, हे मला तिथल्या तिथे जमलं. ते न जमणाऱ्याने पाच तारांच्या वाटेला जाऊ नये, न वाजवता घुमणारी बी सगळ्या बँडला गढूळ करते. या बेसची बी चांगली आहे. उत्तम नाही, चांगली.

आणि उत्तम बी आहे तिसऱ्यावर. तो वापरलेला. हेडस्टॉकवरचं नाव कुणीतरी घासून काढलंय, व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखरतं, पहिल्या तीन फ्रेटवर तारांच्या खाचा पडल्यात. 35 इंच. नेक मी टोकाकडून डोळा लावून पाहिली, पीळ नाही, नेकचा वाक सांभाळणारा ट्रस रॉड दोन्ही बाजूंना फिरतो. किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. हनुवटी टेकवून बी छेडली आणि तिसऱ्या फ्रेटवर डी घेतला, माईंचा डी. तो संपेपर्यंत मी दुसरा सूर वाजवला नाही. पण वजन! साडेचार किलोच्या वर नक्की असेल, डावा हात सोडला की नेक खाली जाते, आणि पहिल्या घरापर्यंत पोचताना हाच खांदा बोलतो.

नवा घ्यायचा तर आपला जुना बेस विकावा लागेल. आणि तो अर्धा तुझा आहे. तुझे पैसे मी पुढे परत केले असले तरी अर्धा तुझाच. पट्ट्याची खिळी तू भलत्याच जागी ठोकलीस, आणि त्यावरून मी केवढा ओरडलो होतो. आज तो बेस गळ्यात जसा बसतो तसा दुसरा कुठलाच बसत नाही. त्यालाच बी, ई, ए, डी अशा चार तारा लावून पाहा, असंही एकाने सुचवलं. फुकटात काम होतं खरं. पण 130ची तार बसवायला नट कानशीने रुंद करावा लागतो, आणि वरची जी जाते. जी गेली तर मधल्या तुकड्यात मी वाजवू काय? त्या बेसला मी कानस लावणार नाही.

माझा कल कुठे आहे ते तुला दिसतंच असेल. वापरलेला घेतला तर जुना घरातच राहतो. रुंद पट्टा घेईन, तालमीत बसून वाजवेन, फ्रेट घासून घेईन. पण खांदा पुढे साथ देईल का, ही भीती खरी आहे, आणि दोन वर्षांनी दोन्ही बेस कोपऱ्यात उभे राहिले तर? आणि यामाहा घेतला तर 'चांगल्या' बीवर माईंची ती ओळ निभेल का? मी रोज रात्री एक ठरवतो आणि सकाळी दुसरं. तू माझा हात ओळखतोस, माझा खांदाही ओळखतोस, आणि तो बेसही. म्हणून तूच सांग. विकणाऱ्याने रविवारपर्यंत थांबतो म्हटलंय. लिहूनच कळव, फोनवर तू विषय बदलतोस.

तुझी बदली झाली का? चिमीचा हात प्लास्टरमधून निघाला असेलच, तिला म्हणावं काका चिडलाय, झाडावर चढायचं तर सांगून चढ. वहिनींना नमस्कार. नव्या घराचे फोटो पाठव म्हटलं तर भिंतीचे पाठवलेस, माणसांचे पाठव.

तुझा,
पम्या

ता. क. ट्रस रॉडचा माझा पाना तुझ्याकडेच आहे. नाही म्हणू नकोस. कुठलाही बेस घेतला तरी तो लागणार, तेव्हा उत्तरासोबत पाठवून दे.