कटऑफपलीकडचे महाविद्यालय

महोदय,

अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात दहा पसंतीक्रम भरता येतात आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही विद्यार्थ्याने प्रवेश घेतला नाही तर पुढील नियमित फेऱ्या हुकतात. तरीही पुण्यात आपण पालक १८८५चे फर्ग्युसन, १९१६चे स. प. (सर परशुरामभाऊ) अशा जुन्या नावांवर आणि गतवर्षीच्या कटऑफवरच विसंबतो. मुलीसाठी आम्ही पाहिलेल्या एका नामवंत महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ब्युरेटवर (द्रव मोजण्याच्या काचनळीवर) धूळ साचलेली होती, तर घराजवळच्या साध्या महाविद्यालयात झिजलेल्या प्रयोगवह्यांच्या पानापानावर शिक्षकांच्या तारखेसह सह्या होत्या. हडपसरहून रोज दोन बस बदलण्याचा शीणही मोजायलाच हवा. प्रत्येक महाविद्यालयाने शिक्षकांची रिक्त पदे आणि प्रत्यक्ष झालेली प्रात्यक्षिके अर्ज भरण्यापूर्वी जाहीर करावीत, अशी शिक्षण विभागाला कळकळीची विनंती आहे.

– एक पालक, हडपसर, पुणे